इथं गुडाखू नाई भेटत

कोणी नाई मानलं वो माहं, घरच्यानं नाई अन् दारच्यानंही नाई — सकाळी बोटं अशी लाकडावानी होत का पोलक्याचं बटन लागत नोहतं, अन् माही सासू शकुंतलाबाई म्हणे, धानाचा रोवणा आला का हिचे हात बरोबर दुखतात. दिवाळीतही दुखत, पण ते कोण पाहाते? उभी काऊन आहेस भूमिका, बस त्या पोत्यावर. सांगितलं ना, गुडाखू नाई भेटत माह्या दुकानात. साबण घे, चहापत्ती घे.

दाढ दुखते म्हणून पाहिजे? सारं मुर्री गाव हेच म्हणते. मी का कमी घासला? चहाच्या पहिले, जेवल्यावर, निजताना — तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बोटावर घ्यायचा अन् हिरड्या चोळत बसायचं. रक्त आलं तं बाया म्हणत, खराब रक्त निघून राहिलं, चांगलंच आहे. मंग सूज बोटांतून मनगटात, मनगटातून गुडघ्यात. माह्या घरचा, केशोराव, मले घेऊन गेला कोठी — तं तिकडं सडक अर्जुनीकडं, हायवेवरच्या एका सुईवाल्याकडं. सुई टोचली का चार दिवस मी घोड्यावानी रोवणा करो. तोंड फुगून पुरीवानी झालं, तं हेच शहाणे म्हणत, तब्येत सुधरली बाईची. अक्कल पाहा लोकायची.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईनं हात पाहिले अन् मंग तोंड उघडायले लावलं. म्हणे, ही आतली सूज आहे, बरसोनबरस धुमसते, शरीर आपल्याच सांध्यायवर उलटते. हिरड्या अशा सडवून ठेवशीन, तंबाखू चालू ठेवशीन, तं माही गोळी एकटी का करन? सुया बंद कर, औषध चुकवू नको, हिरड्या साफ करून घे, रोज चालत जा. मले हसू आलं — दुखते हात अन् हे दाताचं सांगते. पण केलं. गुडाखू सोडताना डोकं असं फुटे का केशोरावच्या अंगावर पितळी गंज फेकला मी, विचार त्याले. आता सूप धरता येते. हे एक बोट वाकडंच राहीन, ते गेलं.

का म्हणते? तुह्यासाठी नाई? चेतनासाठी? लेकराच्या दाढेले — आपल्या बोटानं चोळून देशीन तू?

थांब. सासूनं सवय लावली असं मी साऱ्या गावाले सांगतो, तिनं तं कधी गुडाखूले बोट नाई लावलं. मी चेतनाएवढीच होती. दाढेनं रडो, तं मांडीवर घेऊन, गाणं म्हणत म्हणत चोळून दिला — लय मायेनं. अन् लग्नाच्या पेटीत साड्यायखाली डबी ठेवली, सासरी पोटभर नाई देल्लं तं भूक मरन म्हणून.

ऊठ. दवाखान्यात ने पोरीले, आत्ताच ने. नाई तं हात वाकडे झाल्यावर तीही कोण्या दुकानात बसून तुहं नाव घेईन, जसं मी घेऊन राहिली — माह्या मायचं. कुंदाबाईचं.