विहिरीच्या कठड्याआड ठेवलेल्या चपलांबाबत

मी, वय वर्षे ५८, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार सार्वजनिक वाचनालयामागची गल्ली, ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

वाचनालय म्हणजे पूर्वीचा गोऱ्या साहेबाचा बंगला. आतली लाकडी जमीन जुनी असल्याने चपला बाहेर काढाव्या लागतात. पायऱ्यांवरच्या चपला बदलून जातात आणि माझ्या नव्या होत्या. म्हणून त्या बागेतल्या विहिरीच्या कठड्याआड, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा ठेवल्या. त्या नेमक्या तिथल्या माळ्याच्या नजरेस पडल्या.

मी साहेबाच्या निजायच्या खोलीत, म्हणजे आताच्या महिला विभागात वाचत होते. तिथली देवाधर्माची पुस्तके वाचून झाल्याने हल्ली रहस्यकथा घेते. बाहेर आरडाओरडा ऐकू आला, पण खुनी सापडायच्या बेतात होता, म्हणून उठले नाही.

पुस्तक संपवून बाहेर आले. अग्निशामक दलाचे जवान विहिरीत गळ टाकत होते. गर्दीतली एक बाई म्हणाली, "कुणीतरी जीव दिला हो." मी हात जोडून देवाचे नाव घेतले. "कुणाच्या घरची?" असेही विचारले.

कठड्याला टेकून माझे पती खाली मातीत बसले होते. चपला त्यांच्या मांडीवर होत्या. मी म्हणाले, "अहो, माझ्या आहेत त्या."

ते म्हणाले, "मला का माहीत नाही?"

सकाळी आमचे वाजले होते, हे खरे आहे. वाचण्याच्या नादात माझ्याकडून दूध उतू गेले. ते म्हणाले, "त्या बंगल्यातच जाऊन राहा." मी म्हणाले, "राहीन. तिथे कुणी दुधाचा हिशेब मागत नाही." लग्नापासून आमचे हे असेच चालते. "माझ्या बोलण्यामुळे झाले," असे त्यांनी मी बाहेर येण्याआधी विहिरीपाशी हवालदारांना सांगितल्याचे कळले. ते धरू नये. त्यांच्याकडून मला कसलाही जाच नाही. माळ्याविरुद्धही तक्रार नाही, त्याने भल्यासाठीच ओरड केली.

यापुढे वाचनालयात जाणार का, असे हवालदारांनी मला विचारले. पती दाराबाहेरून म्हणाले, "जाईल ती. लिहा तसं." हवालदार म्हणाले, "काका, जबाब बाईंचा आहे." म्हणून माझ्या तोंडून सांगते, जाणार आहे. पतींना माझ्याबरोबर घरी सोडावे.

वरील मजकूर हवालदारांनी वाचून दाखवला. मग मीही मागून घेऊन वाचला. मी सांगितले तसाच आहे.