छत्री चौकापासून घरापर्यंत

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. माझ्या आजोबांसाठी, आमच्या अण्णांसाठी, आपण वेळ काढून आलात. मला चारचौघांत बोलायची सवय नाही.

मंडळी, माझे वडील खेड्यात मास्तर होते. माझी शाळा तिथलीच. सुट्टी लागली की मी उज्जैनला, फ्रीगंजमध्ये, अण्णांकडे. संध्याकाळी पाचला अण्णा बूट चढवत आणि विचारत, "चलतोस का?" मी चप्पल घालूनच बसलेला असे.

पूल ओलांडून रामघाट. शिप्रेच्या पाण्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा. मग छत्री चौकात मातीच्या कुल्हडमधली रबडी. अण्णा आपल्या कुल्हडवरची मलई माझ्या कुल्हडमध्ये टाकत. दुकानदार हसायचा. म्हणायचा, "दादाजी, फिर आप क्या खाओगे?" अण्णा म्हणत, "मैं इसका मुँह देखूँगा."

आणि एक नियम होता. चौकापासून घरापर्यंत बोलायचं नाही. मनात नाम घ्यायचं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तोंड गोड आहे तोवर देवाचं नाव घे. पुढे जन्मभर बोलायचंच आहे तुला." नाम माझं कितीदा चुके. त्यांचं बोट मात्र सुटत नसे.

वडील गेले, तेव्हापासून मी अण्णांकडेच राहिलो. गेल्या वर्षी त्यांचे पाय थकले. तरी पाचला बूट चढत. काठी घेऊन ओट्यावर बसत. मी ऑफिसातून येई. "चलतोस का?" मी म्हणे, "उद्या, अण्णा." कधी रागावले नाहीत. शेजारच्या भाभींना सांगायचे, "कल जाने वाले हैं हम." दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट.

घाटापर्यंत नको होतं हो त्यांना. कोपऱ्यापर्यंत नेलं असतं तरी चाललं असतं. का नाही नेलं मी?

परवा सिद्धवटावर दहावा झाला. पिंड मांडला. कावळा समोर फांदीवर, पण शिवेना. काकांनी हात जोडून सांगितलं, देवपूजा सांभाळू. आत्यानं सांगितलं, भावंडं धरून राहू. कुणी रबडी आणून ठेवली. कावळा हलला नाही. गुरुजी मला म्हणाले, तुम्ही काही बोला. आणि माझ्या तोंडाशी काय आलं? "अण्णा, उद्या जाऊ." तेच. रोजचं तेच. मी तोंड मिटून घेतलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

त्याच संध्याकाळी पाचला मी बूट घातले. एकटाच गेलो. शिप्रेला हात लावला. चौकात रबडी घेतली. दुकानावर आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्यानं विचारलं, "दादाजी कैसे हैं?" मलई कुल्हडवर तशीच राहिली. मग नियमाप्रमाणे घरापर्यंत बोललो नाही. नाम घेतलं. एकदाही चुकलं नाही. पण धरायला बोट नव्हतं.

आता एकच विनंती. आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. काही बोलू नका. ज्याला जे नाम येतं ते मनात घ्या. छत्री चौकापासून घरापर्यंत चालतोय, असं समजा.

अण्णा, चला. मी बूट घालून आलोय.