उबाल्दोच्या कॉम्प्युटरातल्या नऊ ओळी

नाव सोराइदा एचेमेंदिया, वय ६३, धंदा दारात बसून लायटरमध्ये गॅस भरून देणे, राहणार पुएब्लो नुएवो वस्ती, मातान्सास. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देते की:

माझ्या शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उबाल्दो यांची खोली आहे. ते गेल्या वर्षी बहिणीकडे परदेशात गेले, परत येणार नाहीत. खोलीची किल्ली त्यांनी शेजारीण मिगदालिया हिच्याकडे ठेवली आहे. तक्रार तिनेच दिली. काल दुपारी त्या खोलीचं कुलूप मी तोडलं. एकटीनं तोडलं, वस्तीतला रेनिएर मागाहून आला. कुलूप तोडायला माझ्या नवऱ्याचा कोयता वापरला, तो हा समोर टेबलावर आहे. किल्ली का मागितली नाही असं विचारता, तर दोनदा मागितली होती. मिगदालिया म्हणाली, "माणसानं विश्वासानं दिलीय गं, उद्या त्याला कुठल्या तोंडानं सांगू?" तिचं चुकलं असं माझं म्हणणं नाही. खोलीत पंखा होता, भाताचा कुकर होता. मी कशाला हात लावला नाही. फक्त कॉम्प्युटर चालू केला.

कारण विचारलं म्हणून सांगते. माझा नवरा एलादियो हा शीघ्रकवी होता. गिटार वाजली की उभ्याउभ्या दहा ओळी रचून गायचा. आमच्याकडची रीत अशी की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी शेवटची ओळ देतं आणि कवीनं आधीच्या नऊ ओळी रचून बरोब्बर त्या ओळीवर येऊन थांबायचं. गायलेलं कोणी लिहून ठेवत नाही. एकदा आमच्या अंगणात तो गात होता. मी आत युकाचे कंद सोलत होते. सगळे ओरडले, "सोराइदा, आज ओळ तू दे!" मी खिडकीतून ओळ दिली, "तर मग माझ्याशी लग्न केलंस कशाला?" त्यानं गायलं. लोक हसून हसून लोळले. मी बाहेर येऊन त्याला ओल्या हातानं एक चापट मारली. नऊ ओळींत तो काय म्हणाला ते मला आता आठवत नाही. एलादियो वारला त्याला वर्ष होत आलं.

त्या दिवशीचं गाणं कोणीतरी फोनवर घेतलं होतं. ते वस्तीतल्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यावर गेलं.

सार्जंटसाहेबांनी विचारलं, जाळ्याचा मुख्य कॉम्प्युटर कोणाकडे आहे. मी सांगितलं, मुख्य असा नाहीच. साहेब म्हणाले, "बाई, कोणीतरी मालक असणारच ना?" अहो, नाही. गच्चीवरून गच्चीवर तारा टाकलेल्या, साठेक घरं जोडलेली. सगळे सारखे. ज्याला हवं त्यानं दुसऱ्याकडून घ्यायचं आणि घेता घेता तिसऱ्याला द्यायचं. फाइलीचे तुकडे होतात, एक तुकडा ह्या घरातून येतो, एक त्या घरातून. तुकड्यातुकड्याला अंगठ्यासारखा ठसा असतो, ठसा जुळला नाही की कॉम्प्युटर तो तुकडा घेत नाही. अख्खी फाइल ठेवून दुसऱ्यांना देत राहतो त्याला आम्ही बियाणं म्हणतो. घेतो आणि दार लावून बसतो त्याला जळू म्हणतो. रेनिएर हा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्या कॉम्प्युटरावर कोणाकडे काय आहे एवढीच यादी असते, माल नसतो. साहेबांनी "मग मालक तोच" असं लिहायला सांगितलं. मी सही करणार नाही म्हटल्यावर ते खोडलं. ती खाडाखोड तशीच राहू द्या.

तर एलादियोचं गाणं सगळ्यांकडे होतं. यादीत नाव दिसायचं. मग नव्या मालिकेला जागा हवी म्हणून एकानं पुसलं, म्हणाला, बाकीच्यांकडे आहेच की. दुसऱ्यानं तेच म्हणून पुसलं. आमच्या घरातूनही माझ्या भाच्यानं तसंच पुसलं, आणि त्याला मी काय बोलू? तो तरी काय वेगळं वागला? एलादियो गेल्यावर मी म्हटलं, मला ऐकायचंय. रेनिएरनं मागणी टाकली. लोकांनी जुने कॉम्प्युटर उघडून अर्धवट राहिलेले तुकडे शोधले, माझ्या दारात येऊन सांगितलं, मावशी, माझ्याकडे एवढा आहे. सगळं जमलं. एक तुकडा सोडून. माझा आवाज ऐकू येतो, ओळ देते ती. गिटार वाजते. मग काही नाही. मग टाळ्या.

मी लोकांनाही विचारलं. हसलेलं सगळ्यांना आठवतं. एकाला खेचर आठवतं. एकीला आठवतं की माझ्या गुडघ्यांबद्दल काहीतरी होतं. ते जोडत मी रात्र रात्र बसले, त्यातून काही होत नाही.

उबाल्दो वस्तीतला नंबर एकचा जळू. आयुष्यात कोणाला तुकडा दिला नाही. मुलं त्याच्या खिडकीखाली "जळू, जळू" ओरडायची. पण मेल्यानं कधी काही पुसलंही नाही. अख्खं गाणं राहिलं ते त्याच्याकडेच. फोनवर त्यानं स्वतःच सांगितलं, "आहे ना, मी काही टाकत नाही. मिगदालियाला सांगतो." त्यानं सांगितलं नाही किंवा तिनं ऐकलं नाही, ते दोघांचं दोघांना माहीत.

काल कॉम्प्युटर चालू झाला. रेनिएर आला, त्यानं शोधलं, गाणं होतं. अख्खं. मी म्हटलं, "लाव." तो म्हणाला, "मावशी, थोडं थांबा. एका कॉम्प्युटरातलं असणं काय खरं? आधी जाळ्यावर सोडतो. चाळीस घरांत गेलं की मग कोणाच्या बापाला पुसता येणार नाही." मी परत म्हटलं, "अरे, आधी लाव." तो म्हणाला, "पाच मिनिटं." आमच्यात तशीच शिस्त आहे, त्यानं वावगं काही केलं नाही. त्यानं तार जोडली आणि गच्चीवरून ओरडला, "एलादियोचं गाणं सापडलं! घ्या सगळे!"

सगळ्यांनी घेतलं. ज्यांनी पुसलं होतं ते सगळे एकदम तुटून पडले, माझ्यासाठीच. प्रत्येकानं पहिल्यापासून मागितलं. खुर्च्या सरकवल्याचा आवाज, एलादियोचं खोकणं, गिटारचे कान पिळणं, हे सगळं माझ्याकडे आधीच होतं. ते चाळीस घरांना गेलं. मला हवा तो नऊ ओळींचा तुकडा रांगेत मागे होता. उबाल्दोची डिस्क जुनी, वर्षभर समुद्राच्या दमट हवेत बंद पडलेली. ती टकटक करायला लागली. रेनिएर तार उपटायला धावला. मी एवढंच म्हटलं, "लाव आता." डिस्क थांबली ती थांबलीच. त्यानं ती कानाला लावून पाहिली. मग तो जमिनीवर बसला आणि रडायला लागला, त्याला मीच पाणी आणून दिलं. तेवढ्यात मिगदालिया आली आणि तिनं आरडाओरडा केला.

रेनिएरवर गुन्हा लावू नये. कुलूप मी नवीन घेऊन देईन. जप्त केलेला कॉम्प्युटर परत मिळावा अशी माझी मागणी नाही. रेनिएरनं तो दोनदा उघडून पाहिला आहे.

मघाशी बाहेरच्या बाकावर मिगदालिया माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "सोराइदा, मला एक शब्द आठवतोय. 'पुन्हा' असा होता. कुठे होता ते नाही सांगता येत." मी तो लिहून घ्यायला सांगते आहे. कारकून म्हणतात, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. तरी लिहा.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला, मी सांगितलं तसाच आहे. एकच भर घालायची आहे. त्या दहा ओळींतल्या नऊ त्याच्या होत्या, त्या गेल्या. दहावी माझी होती, ती वर लिहिलेली आहे. ती मी त्याला अजून विचारते आहे.

सही: सोराइदा एचेमेंदिया