टाच सुकी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय कुलदीप घरत, प्रमुख पाहुण्या आणि आपल्या सगळ्यांच्या डॉक्टर अमिषाताई, खारबांध समितीचे नवे अध्यक्ष दीपेशभावजी, आजचे सत्कारमूर्ती श्री. चांगदेव थळे म्हणजे माझे मामंजी, व्यासपीठावर बसायला काही केल्या तयार झाल्या नाहीत म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई भागुबाई, आणि समाजमंदिरात जमलेले सर्व गावकरी, तुम्हां सर्वांना जागृती थळेचा नमस्कार.

सरपंचांनी मला थोडक्यात बोलायला बजावलंय. बोलते थोडक्यात. बाहेर ओहोटी लागलीय आणि रात्रीच्या भरतीच्या आत मला खाली बसायचंय. ते का, ते पुढे येईलच.

मघाशी मामंजींना शाल घातली तेव्हा ती खांद्यावरून घसरली, हे सगळ्यांनी पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्यात. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हाचे चांगदेव थळे आठवा. स्कूटरवर बसले की मागचं चाक खाली जायचं. अध्यक्ष म्हणून बांधावर निघाले की माणसं म्हणायची, चांगदेवदादा उभा राहिला तरी खाडी अडेल. हसा, ते स्वतःसुद्धा हसायचे. पण आम्ही घरातली माणसं हसत नव्हतो. उधाण आलं की या माणसाच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. सारखा फोन, सारख्या येरझाऱ्या, आणि येरझारीत जे हाताला लागेल ते तोंडात. पाव, फरसाण, उरलेली भाकरी. भूक नसायची हो. जीव कुठेतरी गुंतवायचा म्हणून खायचे. सकाळी सुजलेले डोळे, तापलेलं डोकं, आणि पुन्हा बांध.

अमिषाताई पेणच्या आहेत, त्यांना आमच्याकडची एक रीत माहीत नसेल, म्हणून सांगते. आमची शेतं, म्हणजे आमची खार, खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. शेतावरून परतणारा माणूस बांधाच्या आतल्या बाजूला, पायथ्याशी, टाच रोवून बघतो. खळग्यात पाणी जमलं तर टाच ओली, नाही जमलं तर सुकी. आमचं घर खारीच्या वाटेवरचं पहिलं घर. पडवीत अध्यक्ष बसलेले असतात. येणारा जाणारा त्यांना नमस्कार करत नाही, राम राम म्हणत नाही. टाच सांगतो. ओली असेल तर कुठे ते सांगतो, आणि त्या ओहोटीला चार माणसं फावडी घेऊन तिथे जातात. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच चाललंय. सरकारी माणसं बांध बघायला वर्षातून कधीतरी येतात. टाच रोज सांगितली जाते.

तर मामंजींचा रक्तदाब वाढला, छातीत कळ आली, आणि आम्ही त्यांना अमिषाताईंकडे नेलं. ताईंनी गोळ्या दिल्याच, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. म्हणाल्या, नुसतं ताट कमी करून यांचं पोट उतरायचं नाही. काळजीनं झोप मोडते, झोप मोडली की खा खा सुटते, आणि वजन वाढलं की झोप आणखी बिघडते. आधी डोक्यावरचं ओझं उतरवा.

आम्ही उतरवलं. किती प्रेमानं उतरवलं ते मला सांगू द्या. संध्याकाळचं जेवण उजेडात. जेवताना फोन कपाटात. सकाळी आम्हा बायकांच्या गटाबरोबर देवळापर्यंत चालणं, बांधाकडे पाठ करून. याच समाजमंदिरात दीर्घ श्वसनाचा वर्ग, ज्यात शवासनाला मामंजी असे घोरायचे की शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. अध्यक्षपद दीपेशभावजींकडे द्यायचं ठरलं, ते आज रीतसर होतंय. महिन्याभरात फरक दिसला. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. गाल उतरले. रात्री अंथरुणावर पडले की सरळ सकाळ. सासूबाई मला म्हणाल्या, "जागृती, लग्नानंतर पयल्यांदा हा मानूस माज्या आदी झोपला." आणि रडल्या.

त्या आनंदात आम्ही आणखी एक गोष्ट केली. कुणी सुरू केली ते शोधू नका, हाती काही लागणार नाही. शेतावरून माणूस यायचा, मामंजी सवयीनं विचारायचे, "टाच कशी हाय रं?" आणि त्यांच्या मागे, पडवीच्या खांबाआड, सासूबाई हात जोडून उभ्या असायच्या. येणाऱ्याला ते जोडलेले हात दिसायचे. तो म्हणायचा, "सुकी, चांगदेवदादा." दुसरा म्हणायचा, "सुकी." तिसराही. गावात शब्द पसरला, दादांना त्रास द्यायचा न्हाय. काय वाईट होतं त्यात? एका भल्या माणसाला सगळं गाव जपत होतं. असं जपणारं गाव दुसरीकडे दाखवा मला.

दीपेशभावजी, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचे डंपर पनवेलला, तुम्ही तिन्हीसांजेला येता, आणि बांधाची खबर घ्यायला आमच्याच पडवीत येऊन बसता. तुम्हालाही तेच ऐकू आलं. टाच सुकी. तुम्हीही घरी जाऊन शांत झोपलात. खरं सांगू का, गेलं वर्षभर आख्खं गाव शांत झोपतंय.

आता मागचं तोरण बघा. कोजागरी परवावर आली, भात लोंबीवर आलंय, म्हणून म्हटलं मामंजींच्या सत्काराला आपल्याच शेतातल्या लोंब्यांचं तोरण करावं. त्यासाठी आज सकाळच्या भरतीला मी खारीत गेले होते. लोंब्या काढल्या, पदरात बांधल्या, आणि परतताना उघाडीच्या अलीकडे, जिथून पाणी सोडतो ना आपण, तिथे सवयीनं टाच रोवली.

टाच आत गेली. घोट्यापर्यंत गेली. काढली तर खळगा भरला, आणि भरून वाहायला लागला. मी पुढे सरकले, पुन्हा रोवली. पुन्हा तेच. वर बांध अगदी छान दिसत होता, त्यावर गवत डुलत होतं. पलीकडे खाडी बांधाच्या माथ्याला हात लावायच्या बेतात होती आणि अजून पुरतं उधाण यायचंच होतं.

मी धावत घरी आले. मामंजी पडवीत बसले होते, नवीन सदरा घालून बघत होते. म्हणाले, "सूनबाय, टाच कशी हाय?" सासूबाईंनी खांबाआडून हात जोडले. आणि माझ्या तोंडून निघालं, "सुकी, मामंजी."

ते हसले. दुपारी जेवून झोपले. मी त्यांचं घोरणं ऐकत ही शाल घडी करत बसले होते, आणि मला इतकी भीती वाटत होती की घडी जमेना. मी माझी समजूत घातली, एका जागी पाझर असेल, बाकी बांध सुका आहे. सगळे रोज सुकीच सांगतात ना.

म्हणून अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीनं मी सभेला एक गोष्ट विचारते. या पावसाळ्यात ज्याची ज्याची टाच ओली झाली आणि ज्यानं आमच्या पडवीसमोर सुकी सांगितली, त्यानं हात वर करावा. कुणावर राग नाही. माझा हात हा बघा, वर आहे.

मैनाकाकू, तुम्ही. कुठे? उघाडीपाशी का? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. वडाच्या वळणावर. बरं. गणराज, तू? चिंचेखाली. तुम्ही? त्याच्याही पुढे.

हात खाली घेऊ नका. जरा मागे वळून एकमेकांकडे बघा.

प्रत्येकाला वाटलं, आपलीच एक जागा ओली. मलाही तेच वाटलं होतं. आणि या सगळ्या हातांच्या खाली आपली खालची आळी आहे. मैनाकाकूंच्या घरात बाळंतीण आहे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची कित्येक पिकं जातात, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

अमिषाताई, तुमचा सल्ला चुकला नाही. तुम्ही ओझं उतरवायला सांगितलं होतं. आम्ही ते मामंजींच्या डोक्यावरून उतरवून वाटेत ठेवलं आणि उचललं कुणीच नाही. पाळ्या लावल्या असत्या, एकेका घरानं एकेक भरती वाटून घेतली असती, तर त्यांचंही वजन उतरलं असतं आणि बांधही राहिला असता.

मामंजी, आता तुमच्याकडे वळते. सासूबाई, हात जोडू नका, मला बघवत नाही. मामंजी, टाच ओली आहे. सकाळीही ओलीच होती.

काय म्हणालात? माईकवर सांगते. मामंजी विचारतात, "पानी कसा हाय, निवल का गढूल?"

गढूळ, मामंजी. चहासारखं. माती घेऊन येतंय.

त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवलाय. शालही. मी त्यांना अडवणार नाही, पण दीपेशभावजी, आता अध्यक्ष तुम्ही आहात. त्यांना बांधावर चढू देऊ नका. ते वाटेवर उभे राहून जागा सांगतील, फावडं तुम्ही धरा. आज रात्री पहारा तुमच्या घराचा, उद्या रात्री दुसरं घर, परवा तिसरं. आज त्यांना झोप लागणार नाही, ठाऊक आहे मला. निदान आज ते एकटे जागे नसतील.

समारंभाचं दूध आटवायला ठेवलंय, ते बायांनी झाकून उतरवावं आणि खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला इथे समाजमंदिरात आणावं. ज्यांच्याकडे रिकाम्या गोण्या आहेत त्यांनी त्या घेऊन थेट उघाडीवर यावं. ओहोटी आहे तोवर माती हाताला लागेल.

सरपंचसाहेबांनी मला बोलायची संधी दिली, डॉक्टर ताई आपलं दवाखान्याचं काम टाकून आल्या, आणि तुम्ही खरे हात वर केलेत, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात लहानथोरांचा मान राखायचा राहून गेला असेल तर पदरात घ्या. सकाळी मी पडवीत जे बोलले त्याची माफी मात्र आत्ता मागत नाही. उद्या उजाडल्यावर बांध जागेवर दिसला, तर मागेन.