शेवंतानं मागं पाहिलं नाही

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो, पण उत्तराची घाई करू नका. आईची माया जास्त कधी लागते? लेकराला कडेवर घेताना, की कडेवरून खाली ठेवताना?

त्या पुढच्या वहिनी हसल्या बघा. मांडीवरचं पोर भर चैत्रात स्वेटर घालून बसलंय! असू द्या, वहिनी. तुमचीच गोष्ट सांगतोय.

धामणखोल नावाचं एक गाव. वरच्या अंगाला सोमजाईची राई. दाट, जुनी झाडी. आत चप्पल घालायची नाही, पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. आणि तिथली एक चाल होती. नवसानं झालेलं मूल चालू लागलं की देवीपुढं उघड्या मातीवर उभं करायचं, आणि आईनं पाठ फिरवून निघायचं. राईच्या वेशीवर शेंदरी दगड आहे, तिथवर मागं बघायचं नाही. पोर आपल्या पायांनी मागून आलं, की नवस फिटला. आई वळली, की राहिला!

सोपं वाटतं ना? शेवंताला विचारा.

शेवंताला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, सोमजाईच्या नवसानं मुलगी झाली, तुळसा. पोरीला तिनं तळहातावरच्या फोडासारखं वाढवलं. पायाला चिखल लागला की तुळसा दोन्ही हात वर करायची, शेवंता उचलायची. मुंगी दिसली की पोर किंचाळायची, शेवंता पुन्हा उचलायची. माघात नवस फेडायला गेली, पोरीला खाली ठेवलं, वळली — आणि मागून असा टाहो! शेवंता धावत परत. नवस तसाच राहिला. बायका म्हणाल्या, पुढच्या माघात बघू. पण तिच्या मनाला घोर लागला तो लागलाच.

त्याच साली बालवाडीवर मंदाताई आल्या. या बाई दर शनिवारी पोरांना राईत न्यायच्या. शेवंता तणतणत गेली.

"ताई, माझ्या तुळसाला मातीत बसवू नका. तिला नाही सोसत."

"बरं," ताई म्हणाल्या. "मग तुम्हीपण चला. तिला तुम्ही दिसत राहाल."

गेली. बघते तर काय, ताई पोरांना सांगतायत, डोळे मिटा. पायाखाली गार लागतंय का ऊन? कोण बोलतंय, ऐका. आणि पोरं गप्प! आमचे पेटीवाले तात्या जन्मात एवढे गप्प बसले नाहीत. एखादं धडपडलं तरी ताई उठायच्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणायच्या, "पडलास? मग बघ, तिथं खाली कोण राहतंय." पोर मुसमुसत वाकायचं, एखादा किडा सापडायचा, रडणं तिथंच राहून जायचं. शेवंता दर वेळी अर्धी उठायची, आणि ताई तिचा पदर धरून ठेवायच्या.

तुळसा आधी आईच्या मांडीवर. मग मांडीला टेकून. पावसाळा सरता सरता ती झाडाच्या मुळापाशी जाऊन बसायला लागली. शेवंताला आनंद झाला का? झाला. आणि थोडं वाईटही वाटलं. खरं ते सांगतो.

माघ आला. शेवंतानं पोरीला देवीपुढं उभं केलं. "मी पुढं होते गं," म्हणाली, आणि निघाली. मागून पावलांची चाहूल येत होती. पाचोळा वाजत होता. मग धप्‌ झालं. आणि नंतर काहीच नाही!

मंडळी, रडणं परवडलं, पण ही शांतता? शेवंताचा जीव कासावीस. पोर पडली असेल. लागलं असेल. मान वळवली तर वर्ष वाया, नाही वळवली तर ही कसली आई? पदर धरायला आज ताई नव्हत्या. तिनं स्वतःच स्वतःचा पदर मुठीत धरला, आणि चालत राहिली. शेंदरी दगडाला हात लावला, तेव्हा वळली.

तुळसा वाटेत मध्यावर उकिडवी बसली होती. गुडघा खरचटलेला. उठली, एक ढांग लांब टाकली आणि आली.

"अगं, काय करत होतीस?"

"पडले. मग खाली बघितलं. मुंग्या चालल्या होत्या, त्यांना जाऊ दिलं."

शेवंतानं हात पुढं केले. सवयच ती! पोर म्हणाली, "नको, चालते." आणि आईच्या पुढं निघाली. शेवंता मागून रडत, हसत, तिच्या पायांकडे बघत घरी आली.

तर मंडळी, देवीनं परीक्षा कुणाची घेतली? पोरीची? ती तर मुंग्या बघत बसली होती. तुमचं लेकरू पडणार आहे. आज अंगणात, उद्या जगात. तेव्हा तुम्ही जवळ नसाल. मग आत्ता, तुम्ही जवळ आहात तोवर, त्याला माती भेटू द्या की.

वहिनी, आता दचकू नका. मांडी रिकामी आहे तुमची. वळू नका! पोर मला इथून दिसतंय. मांडवाच्या कडेला मातीत बसलंय, स्वेटर काढून टाकलाय.

तात्या, पेटी जरा हळू. ते काहीतरी ऐकतंय.