मार बसला की हात वर

— खोटं सांगत असेन तर जीभ झडो, दोघे होते ते, आणि माझ्या हातात नुसती छत्री. दोघे? बरं, एकच होता. पण धिप्पाड. बसा ना बाई, वर्गाला अवकाश आहे — सिनेमा बघून आलात, हो ना? सगळे तसेच येतात. जुनी तलवारबाजी शिकायची, म्हणजे रस्त्यात कुणी आडवा आला की — हो, तेच तर सांगतोय. इथंच आपल्या ब्रनो शहरात, ट्रामच्या थांब्यावर, भर दुपारी. मी आणि माझी बायको, झ्देन्का. ही खुंटीवरची जाड जाकिटं दिसतात ना, सगळी तिनं शिवलेली. तलवार मात्र कधी हातात धरली नाही. म्हणायची, "रादोवान, पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मनांची भांडणं तुम्ही बाप्ये अजून कशाला भांडताय?" तर तो आला, तिच्या पर्सला हात घातला. मी मध्ये. छत्री दोन्ही मुठींत, खांद्याशी, तलवारबाजीच्या जुन्या जर्मन पोथीतल्या चित्रासारखी — पायसुद्धा बरोबर पडले हो, अगदी बरोबर. त्यानं माझ्या कानशिलात एक ठेवून दिली. आता आमच्यात रीत काय? तर मार ज्याला बसला त्यानंच कबूल करायचा. हात वर, एक पाऊल मागं, की समोरचा थांबतो. पंच नसला तरी. वर्षानुवर्षं हेच शिकवतोय मी पोरांना. तर मी — हात वर केला. मागं सरलो. फटका चांगलाच होता, मान्यच करायला हवा — आणि राहिलो उभा, वाट बघत. तो कशाला थांबतोय? माझ्या बाजूनं सरळ पुढं गेला. झ्देन्का पर्स सोडेना, त्यानं तिला रुळांवर ढकललं. खुब्याचं हाड. ती पडली तेव्हाही माझा हात वरच होता, म्हणे. मला नाही आठवत. तिनं पाहिलं. इस्पितळात तिला ही रीत समजावून सांगितली, तर इतकी हसली, इतकी हसली, की नर्स ओरडत आली. — वाईट? नाही हो, मला काही होत नाही. जेवतो, झोपतो, शिकवतो. ती ओलोमोउत्सला बहिणीकडे आहे. हाड केव्हाच जुळलंय. फोन बहीणच उचलते. — काय म्हणालात? यातलं खरं किती? छत्री खरी. रीत खरी. तिचं हसणं तेवढं मी रचलंय. — तुम्ही असं करा बाई, पलीकडच्या गल्लीत जूडोवाल्या आहेत, त्या आधी पळायला शिकवतात. तिकडे जा. जाताना दार ओढून घ्या.