मुकादमाला बाहेर जा म्हनले

माझं माहेर लिंबागनेशचं, बाप शेरडं राखायचा, अन मला दिली शिरूर कासारात. ऊस तोडून कंबर गेली तवा आमी हे हॉटेल टाकलं. हॉटेल म्हंजी काय ताई, पत्र्याची एक खोली, पुढं गिऱ्हाइकं बसत्यात, मागं माझी लेक सुनंदा भजे तळती. तिला लहानपनापून दमा. भिंतीला पाटी हाय, बिडी-सिगारेट बंद म्हनून, कायदाबी हाय म्हनत्यात, पर कायद्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघावं लागत न्हाई, मला लागतं.

काय सांगू तुमाला, भाद्रपदात झड लागलती, दार ओढून समदे आत बसलते. त्यात ऊसतोडीचा मुकादम, सिगारेटीवर सिगारेट. माझा पोरगा अन सून त्याच्याच टोळीत जात्यात, त्यानं नेलं तर हंगाम, न्हाई तर बसा घरी. अन मागं सुनंदाची छाती शिट्टीवानी वाजाया लागली, दम्याचा पंप ओढला तरी दम बसंना, व्हट निळे पडले. तशीच पुढं गेले अन म्हनले, मुकादम भाऊ, सिगारेट बाहीर वढा, पोरीला सोसंना. तो हसला. वयनी, सिगारेट माझी, छाती माझी, तुमचं काय जातंय? म्या म्हनले, छाती तुमची हो, पर धूर तुमच्याच छातीत ऱ्हातो का?

मग त्यानं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक म्हातारा धनगर बसलता, वली घोंगडी पांघरून, बिडी वढत. मुकादम म्हनला, मग ह्याला कावून उठवत न्हाई? गरिबाला माफ, अन मीच बाहीर?

ताई, तो खोटं न्हवता बोलत. अशा पावसात म्हाताऱ्याला कसं काढावं? पर एकाला एक न्याव अन दुसऱ्याला दुसरा, असं कसं चालंल? म्या हात जोडले, म्हनले, आबा, तुमीबी. आबानं बिडी पायतानावर इझवली अन म्हनला, आगं पोरी, आदी सांगायचं, मला काय ठावं आत लेकरू घुसमटायलंय.

मग मुकादमाला उठावंच लागलं. दारात वळला, म्हनला, तुमचा पोरगा ह्या साली येतो म्हनायला न्हवं टोळीत? बगू. एवढंच. म्या दार सताड उघडलं, पावसाची झड आत आली, अन हळूहळू सुनंदाचा दम बसला.

आमचे मालक, सुनंदाचे बाप, लई बोलले, तुला काय गरज व्हती म्हनून. पोरगा म्हनला, आई, बरं केलंस, पर मुकादम रस्त्यात भेटला तर माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं.

आता दसरा झाला, टोळ्या भरायल्यात. पोराला अजून सांगावा न्हाई. दारात जीप थांबली की मुकादमच आला वाटून म्या किटली खाली ठिवून बाहीर बघते. मालक इचारत्यात, परत सिगारेट वढाया आला तर काय करशील? तेच सांगीन, म्हनते, कापत कापत सांगीन. पर त्याचं वाईट चिंतीत न्हाई म्या. त्यालाबी लेक हाय. तिला कदी असा श्वास मागायची येळ येऊ नये.